रिस्टोअर येतंय का, ते विचारा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरच्या घडीतनं एक हँडबिल पडलं, पिवळ्या कागदावर लाल अक्षरात, 'डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर व्हा, १५ दिवसांत इंटरनॅशनल सर्टिफिकेट, पास होण्याची गॅरंटी'. हँडबिलं घालणं हे एजंटचं काम, त्यात पेपरचा काही संबंध नसतो हे मला माहीत आहे, त्यामुळं तक्रार तुमच्याबद्दल नाही. पण संध्याकाळी तेच हँडबिल घेऊन माझा भाचा घरी आला, बीसीएस झालंय त्याचं, आणि म्हणाला, "आत्ती, भरू का पैसे? मित्र पण भरालेत."

मी विचारलं, "१५ दिवसांत काय शिकवणार रे?"

"प्रश्न देत्यात. पाठ करायचे. परीक्षेत तेच येत्यात म्हणं."

मी त्याला नको म्हटलं, पण नको का म्हटलं ते दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर जागा असेल तेवढं छापा, पण रिस्टोअरचा, म्हणजे बॅकअपमधनं डेटा परत उभा करण्याचा, भाग कापू नका एवढी विनंती.

मी गेली १७ वर्षं कोल्हापुरात डीबीए, म्हणजे डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणून काम करते, आधी एका साखर कारखान्यात आणि आता एका सहकारी संस्थेत. डीबीए म्हणजे काय हे अजून माझ्या सासूबाईंनाही नीट माहीत नाही, त्या शेजाऱ्यांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून सांगतात, आणि बऱ्याच संस्थांच्या संचालकांना पण तेवढंच माहीत असतं. तर थोडक्यात सांगते. सकाळी डेअरीत दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ लागतो, तो आकडा कुठंतरी जाऊन बसतो आणि दहा दिवसांनी त्याचं बिल निघतं. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, गट नंबर, तोडणीची तारीख हे सगळं नोंदलं जातं आणि त्यावरनं पुढं शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे पडतात. पिग्मी एजंट दुकानात येऊन शंभर रुपये घेऊन जातो, ते पण. हे सगळे आकडे तक्त्यांमध्ये असतात, एक तक्ता सभासदांचा, एक गाड्यांचा, एक बिलांचा, आणि सभासद नंबरासारख्या किल्लीनं ते एकमेकांना जोडलेले असतात. ही तक्त्यांची कल्पना १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडली, तिलाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात, आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे सगळे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. हे तक्ते शाबूत ठेवणं, हळू चालायला लागले तर का ते शोधणं, कुणाला काय दिसावं काय दिसू नये ते ठरवणं आणि काही बिघडलं तर होतं तसं परत आणणं, हे डीबीएचं काम. यातलं शेवटचं काम रोज करावं लागत नाही, म्हणून ते बऱ्याच जणांना येत नाही, आणि एक दिवस असा येतो की फक्त तेवढंच यायला पाहिजे असतं.

माझ्यावर तो दिवस २०११ च्या जानेवारीत आला. गाळप हंगाम जोरात, कारखान्याच्या गेटपासून रस्त्यावर लांबपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. मला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली आणि दोन महिन्यांपूर्वीच ओरॅकलची ओसीए ही पहिल्या पायरीची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झालेली, सर्टिफिकेट लॅमिनेट करून टेबलामागं भिंतीला लावलेलं. सकाळी अकराच्या सुमारास लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या त्यांनी दम धरला नाही, आणि लाइट आल्यावर सर्व्हर चालू केला तर काट्याच्या तक्त्यावर ओआरए-०१५७८, म्हणजे डेटाचा ब्लॉक करप्ट. मी घाबरले नाही, खरंच नाही, कारण रोज रात्री बारा वाजता एक्स्पोर्ट बॅकअप घ्यायची फाइल मीच लावली होती आणि दुसऱ्या डिस्कवर रोजच्या तारखेची फाइल दिसत होती. कालची फाइल घेतली, इम्पोर्टला लावली, अर्ध्यात एरर. परवाची घेतली, तीच एरर. मग एकेक मागं जात गेले. ती दुसरी डिस्क ९ दिवसांपूर्वी भरली होती. रोज रात्री फाइल तयार व्हायला सुरुवात होत होती आणि जागा संपली की तिथंच तुटत होती. लॉगच्या, म्हणजे बॅकअप कसा झाला त्याची नोंद पडते त्या फाइलच्या, शेवटच्या ओळीत एरर स्पष्ट लिहिलेली होती, ९ दिवस रोज लिहिलेली होती, आणि तो लॉग मी ९ दिवस उघडला नव्हता.

दिवसाला साधारण ३०० गाड्या, ९ दिवसांच्या २७०० च्या आसपास पावत्या. कार्बनच्या प्रती काट्यावर बांधून ठेवलेल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर कुणाच्या उसाचं किती वजन हे देवाला विचारायची वेळ आली असती. आम्ही सहा जण चार रात्री बसलो. एकानं पावती वाचायची, दुसऱ्यानं टाइप करायची. कार्बन पुसट, ३ आहे की ८ ते कळत नव्हतं, तिथं काट्यावरच्या माणसाला उठवून विचारायचं, त्याला आठवेना तर शेतकऱ्याला फोन. तिसऱ्या रात्री एक वयस्कर शेतकरी स्वतःची पावती घेऊन आले, धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलेली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझं वजन गेलं न्हाई न्हवं?" साहेब, ते वाक्य मी अजून विसरलेली नाही. त्यांची वर्षाची कमाई त्या चिठ्ठीवर होती.

आता गंमत बघा असं म्हणवत नाही, पण खरं तेच सांगते, बॅकअपच्या प्रश्नांना परीक्षेत मला जवळपास पैकीच्या पैकी मिळाले होते. अर्काइव्हलॉग मोड म्हणजे काय, तो नसेल तर काय होतं, चार पर्यायांतला बरोबर कुठला, सगळं पाठ. आमचा डेटाबेस मात्र नोअर्काइव्हलॉगमध्ये चालत होता आणि मी आयुष्यात एकदाही, घरच्या मशीनवर सुद्धा, पूर्ण डेटाबेस बॅकअपमधनं उभा करून बघितला नव्हता. परीक्षेनं मला तो कधी करायला लावला नाही. मला कळलं होतं ते शब्द.

ज्यांना ही अर्काइव्हलॉगची भानगड कळली नाही त्यांच्यासाठी आपल्या पतसंस्थेतल्या भाषेत सांगते, मी पोरांनाही असंच सांगते आणि इंग्रजी पुस्तकातनं चार दिवसांत जे डोक्यात शिरत नाही ते असं दहा मिनिटांत शिरतं. डेटाबेसमधले तक्ते म्हणजे खतावणी. आणि रिडू लॉग म्हणजे रोजकीर्द. प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत पडतो, मग खतावणीवर चढतो. समजा आज खतावणी जळाली. तुमच्याकडं गेल्या रविवारची खतावणीची झेरॉक्स आहे आणि रविवारपासनं आजपर्यंतची सगळी कीर्द आहे, तर तुम्ही झेरॉक्स समोर ठेवून कीर्द खतवत खतवत आजच्या मिनिटापर्यंत येऊ शकता. एक रुपया जात नाही. पण काही डेटाबेसमध्ये काय असतं, कीर्दीची वही तीन-चार पानांचीच ठेवलेली असते आणि पानं संपली की पहिलं पान खोडून त्यावरच परत लिहायचं. तो नोअर्काइव्हलॉग. पान खोडायच्या आधी त्याची प्रत काढून कपाटात ठेवायची, तो अर्काइव्हलॉग. आणि कुणी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी चुकून सगळी बिलं डिलीट मारली, तर कीर्द दोन वाजून चार मिनिटांपर्यंत खतवायची आणि तिथं थांबायचं, याला पॉइंट इन टाइम रिकव्हरी म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये कीर्दीला वॉल म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतात, नाव वेगळं, वही तीच. आमच्याकडं त्या दिवशी नीट घेतलेली झेरॉक्स नव्हती आणि कीर्द पण नव्हती. होती ती एक्स्पोर्टची फाइल, जी चांगली असती तरी तिच्यावर कीर्द चढवताच येत नाही, कारण एक्स्पोर्ट म्हणजे खतावणीतला मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवलेला, पानाला पान असलेली झेरॉक्स नव्हे. हा फरक मला परीक्षा पास होऊनही त्या रात्री कळला.

म्हणून माझं म्हणणं सर्टिफिकेटच्या विरोधात अजिबात नाही, ते आधीच सांगते, कारण असं काही लिहिलं की लोक लगेच म्हणतात हिला सर्टिफिकेट नको आहे. मी पुढं ओसीपी, म्हणजे ओसीएच्या वरची पायरी, पण केलं. त्या वेळी परीक्षेबरोबर ओरॅकलचा मान्यताप्राप्त कोर्स करणं सक्तीचं होतं, मी तो पुण्याला जाऊन केला, पगारातनं पैसे साठवून, पोरगी आईकडं ठेवून, आणि त्या कोर्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा माझ्या हातानं आरमॅन हे ओरॅकलचं बॅकअप-रिस्टोअरचं टूल वापरून मोडलेला डेटाबेस उभा केला. सिलॅबसचा फायदा असा की तुमच्या ऑफिसात जे कधी लागत नाही ते पण वाचावं लागतं. आपण एकटेच काम करत असलो, विचारायला वरिष्ठ कुणी नसला, आणि कोल्हापुरात बहुतेक डीबीए एकटेच असतात, तर सिलॅबस हाच आपला वरिष्ठ. आता ओरॅकलच्या १९सी या व्हर्जनसाठी ०८२ आणि ०८३ असे दोन पेपर आहेत. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसए, एमसीएसई ही जुनी सर्टिफिकेटं ३१ जानेवारी २०२१ ला बंद केली आणि आता डेटाबेसवाल्यांसाठी डीपी-३०० ही परीक्षा आहे, ते मिळाल्यावर दरवर्षी ऑनलाइन एक छोटी चाचणी देऊन चालू ठेवावं लागतं, चाचणीला फी नाही पण दिली नाही तर सर्टिफिकेट संपलं. मला ही पद्धत पटते. पोस्टग्रेसची तर आणखी वेगळीच तऱ्हा, ते कुठल्या एका कंपनीचं नाही, त्या प्रोजेक्टची स्वतःची परीक्षाच नाही, खासगी कंपन्या घेतात, पण त्याचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि त्यातलं बॅकअप-रिस्टोअरचं प्रकरण मन लावून वाचलं तर कुठल्याही क्लासला भारी पडतं. दरवर्षी नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येक व्हर्जनला पाच वर्षं सपोर्ट मिळतो, म्हणजे आज शिकलेलं पाच वर्षांनी उजळावं लागणारच.

राग आहे तो डंपवर. डंप म्हणजे परीक्षेतले चोरून आणलेले प्रश्न. पोरं ते पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवतात, क्लासवाले त्याचे पैसे घेतात आणि त्यालाच गॅरंटी म्हणतात. परीक्षेला बसताना उमेदवार ज्या करारावर 'मान्य' दाबतो त्यात हे चालणार नाही असं लिहिलेलं असतं आणि पकडलं तर मिळालेलं सर्टिफिकेट रद्द करायचा कंपनीला अधिकार असतो, हे हँडबिलावर कुणी छापत नाही. एका पेपरची फी काही हजारांत, वर क्लासची फी, आजऱ्या-भुदरगडाकडनं येणाऱ्या पोराच्या बापानं ते पैसे कुठनं आणलेले असतात ते आपल्याला माहीत आहे. आणि तो पोरगा मुलाखतीला येतो, मी समोर बसलेली असते, सर्टिफिकेट खरं असतं, मी विचारते आर्काइव्हची डिस्क भरली तर काय होईल, तो मला चार पर्याय विचारतो. खरंच विचारलंय एकानं, "मॅडम, ऑप्शन काय आहेत?" मला त्या पोराचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. उत्तर सोपं आहे, कीर्दीची प्रत ठेवायला कपाटात जागा नाही म्हणून डेटाबेस नवा व्यवहारच घ्यायचा थांबतो, ओआरए-००२५७ दिसतो, काउंटरवर माणसं तुंबतात आणि सगळे तुमच्याकडं बघायला लागतात. हे ज्यानं एकदा स्वतः घडवून बघितलं तो कधी विसरत नाही.

आपल्याकडं उद्यमनगर आहे ना साहेब. तिथं टर्नर ठेवताना कसं ठेवतात? आयटीआयचं सर्टिफिकेट बघतात, पण त्यावर ठेवत नाहीत. शेठ म्हणतो, हे मटेरियल घे, हे ड्रॉइंग घे, जॉब काढ. पोरगा लेथवर उभा राहतो, टूल ग्राइंड कसा करतो तिथंच निम्मं कळतं, जॉब काढून झाल्यावर मायक्रोमीटर लावतात, मापात बसला तर उद्यापासनं ये. आणि आयटीआयच्या परीक्षेत सुद्धा प्रॅक्टिकलला जॉब काढावाच लागतो. मग ज्या माणसाच्या हातात हजारो सभासदांचे पैसे देतो त्याला आपण एक साधा जॉब का काढायला लावत नाही? हा डेटाबेस मोडलाय, हा रविवारचा बॅकअप, हे लॉग, दोन तास, उभा करून दाखव. असं होऊ शकत नाही असं नाही. ओरॅकलची सगळ्यात वरची ओसीएम परीक्षा अशीच मशीनवर बसवून घेतात. रेड हॅटची लिनक्सची परीक्षा पहिल्या पायरीपासनंच पूर्ण प्रॅक्टिकल असते, एकही पर्यायवाला प्रश्न नाही, म्हणून त्या सर्टिफिकेटला बाजारात वजन आहे. डेटाबेसची पहिली पायरी पण तशी व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आता ते काय कोल्हापुरात बसून आपण ओरॅकलला सांगू शकत नाही, पण नोकरी देताना आपल्या संस्थेत दोन तासांचा जॉब लावायला आपल्याला कुणी अडवलंय?

काही जण म्हणतील ही कोल्हापूरची रड, मोठ्या कंपन्यांत असं होत नाही. होतं. गिटलॅब म्हणून कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड तिच्याकडं ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा तिथल्या एका इंजिनिअरनं दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली, मुख्य डेटाबेसच. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप बरेच दिवस निघतच नव्हता, कारण बॅकअपचं टूल पोस्टग्रेसच्या ९.२ व्हर्जनचं आणि डेटाबेस ९.६ चा. बॅकअप फेल झाल्याच्या ईमेल पण कुणाला पोचत नव्हत्या. एकानं योगायोगानं सहा तास आधी टेस्टिंगसाठी घेतलेली प्रत होती तिच्यावर सगळं परत उभं केलं, मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. पण त्यांनी एक केलं, काय चुकलं ते सगळं जगासमोर लिहिलं आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी भरलेली डिस्क आणि न उघडलेला लॉग आठवला. आपल्याकडं असं काही झालं की 'सर्व्हर डाऊन होता' एवढंच सभासदांना कळतं आणि पुढच्या संस्थेत परत तेच घडतं, कारण कुणी कुणाला सांगतच नाही.

आणखी एक गोष्ट जी कुठल्याच परदेशी सिलॅबसमध्ये येणार नाही ती म्हणजे आपली पंचगंगा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत जागेबाहेर, हा नियम सगळीकडं शिकवतात, पोरं पाठ म्हणून दाखवतात. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत, दुधाळीत, नागाळा पार्कात पाणी घुसलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. दोन्ही पाण्यात. आणि 'जागेबाहेरची' प्रत कुठं, तर साहेबांच्या घरी, आणि घर पण त्याच पाण्यात. शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याहून माणूस बोलवायचा तर येणार कसा? मग २०२१ च्या जुलैत परत पूर आला. तेव्हापासनं मी आमच्या संस्थेत लिखित नियम करून ठेवलाय, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला, म्हणजे इशारा पातळीला आलं की पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि एक प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर पाठवायची, ४३ फुटाची, म्हणजे धोका पातळीची, वाट बघायची नाही. ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय काम झालं असं लिहायचं नाही. हा नियम मला कुणी सर्टिफिकेटवाल्यानं शिकवला नाही, पण सर्टिफिकेटसाठी अभ्यास केला नसता तर पूर्ण बॅकअप कसा घ्यायचा हे पण नीट आलं नसतं, दोन्ही खरं आहे.

आता संस्थांबद्दल थोडं बोलते, कुणाचं नाव घेत नाही. जाहिरातीत लिहितात, 'डीबीए पाहिजे, सर्टिफाइड असल्यास प्राधान्य'. माणूस घेतला की त्याच्याकडं प्रिंटरचं टोनर बदलणं, सीसीटीव्हीचं फुटेज काढणं, चेअरमन साहेबांच्या मुलाचा लॅपटॉप फॉरमॅट करणं आणि उरलेल्या वेळात डेटाबेस. परीक्षेची फी मागितली तर 'शिकून दुसरीकडं जाशील' हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. जाईल कदाचित. पण न शिकता तुमच्याकडंच राहिला तर? आठवड्यातनं तीन तास अभ्यासाला आणि तीन महिन्यांतनं एक दिवस रिस्टोअरच्या सरावाला द्या, एक जुनं मशीन द्या, फी पास झाल्यावर द्या हवं तर. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली, २०१९ च्या शेवटी तिच्या चार पायऱ्या केल्या, त्यामुळं बँकांमध्ये निदान कुणीतरी येऊन विचारतं. पतसंस्था, दूध संस्था, कारखाने त्या चौकटीत बसत नाहीत. तिथं विचारणार कोण? सभासदांनीच विचारायचं. ३० सप्टेंबरपर्यंत सगळ्या वार्षिक सभा होतात, अहवाल वाचला जातो, लाभांशावरनं भांडणं होतात. त्यात एकानं उठून एवढंच विचारा, की आपल्या डेटाबेसचा बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला, तारीख सांगा. बॅकअप कधी घेतला हे विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांकडं तयार असतं. रिस्टोअरची तारीख विचारा.

कॉलेजांना पण एक विनंती. माझ्याकडं जी पोरं येतात त्यांना सिलेक्ट, जॉइन, नॉर्मलायझेशन बऱ्यापैकी येतं, ते चांगलं शिकवता, आणि तेच खरं टिकणारं आहे, व्हर्जन बदललं म्हणून प्रायमरी की बदलत नाही. पण डेटाबेस मोडलेला बघितलेलाच नसतो. लॅबमध्ये तो नेहमी चालूच असतो. वर्षातनं चार प्रॅक्टिकल अशी ठेवा की सरांनी आधीच काहीतरी बिघडवून ठेवलंय. खर्च नाही याला. पोस्टग्रेस फुकट, ओरॅकलची 'फ्री' एडिशन, जिला आधी एक्सप्रेस एडिशन म्हणायचे, ती फुकट, तिच्यात १२ जीबीपर्यंत डेटा आणि २ जीबी रॅम चालते, शिकायला ते भरपूर झालं, एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन फुकट. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचा डीबीएमएसचा कोर्स आहे. शेंडा पार्कात आयटी पार्क व्हावा म्हणून आपण सगळे बोलतोय, व्हायलाच पाहिजे, पण त्या पार्कातल्या खुर्च्यांवर बसणारी माणसं आधी तयार पाहिजेत, आणि ती १५ दिवसांत तयार होत नाहीत.

भाच्याला मी शेवटी काय सांगितलं ते सांगते. त्याला म्हटलं, पैसे ठेव, परीक्षेला नक्की बस पण सहा महिन्यांनी, तोवर दर शनिवारी माझ्याकडं ये. माझ्याकडं दोन जुनी मशीन आहेत, एक आमच्याच ऑफिसच्या लिलावातनं घेतलेलं. तो आला, येताना दोन मित्र आणि एक मैत्रीण घेऊन आला. पहिल्या शनिवारी मी त्यांना दूध संस्थेसारखा एक खोटा डेटाबेस करून दिला, सभासद, रोजचं दूध, बिलं, आणि चहा करायला म्हणून आत जायच्या आधी एक डेटाफाइल उडवून टाकली. बाहेर आले तर चौघं स्क्रीनकडं बघत गप्प. मी काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या शनिवारी बॅकअप चढला पण लॉग चढवायचे राहिले, बिलं चार दिवस मागची दिसायला लागली. तिसऱ्या शनिवारी ती मुलगी, गारगोटीकडची आहे, तिनं वहीत आधी पायऱ्या लिहून आणल्या होत्या, पेन्सिलीनं, मराठीत, 'आधी झेरॉक्स, मग कीर्द, कुठपर्यंत ते ठरव, मग उघड'. एकेक कमांड दिली, ओळ वाचली, बोट ठेवून वाचली, मग पुढची दिली. पावणेदोन तास लागले. डेटाबेस उघडल्यावर तिनं आधी काय केलं असेल, तर बिलांची बेरीज काढून मी सुरुवातीला कागदावर लिहून दिलेल्या बेरजेशी ताडून बघितली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. रुपया-पैशासकट जुळली.

शनिवारी तीन वाजल्यानंतर मी मोकळी असते. तिसरं मशीन कुणाच्या ऑफिसात धूळ खात पडलेलं असेल, चालू स्थितीत, तर आम्हाला पाहिजे आहे. माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, मी नोकरीत असल्यामुळं नाव मात्र छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर